आधी पेशी ओळखा, मग प्रथिनाची बाजू : ध्रुवीय पेशींचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीकडची मुलं एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी पेशीपटलावरच्या प्रथिनांकडे वळतात, तेव्हा बहुतेकांच्या डोक्यात एक तक्ता पाठ असतो. सोडियम-पोटॅशियम पंप खालच्या बाजूला, सीएफटीआर (क्लोराइड बाहेर सोडणारी वाहिनी) वरच्या बाजूला, अमुक रिसेप्टर इथे, तमुक तिथे. परीक्षेपुरता तो ठीक आहे. पण हा तक्ता मुख्यतः मूत्रपिंड आणि आतड्याच्या दोन-चार पेशींवरून तयार झालेला आहे. डोळा, यकृत, चेतापेशी, माशाचे कल्ले यांच्याकडे गेलात की त्यातल्या ओळी एकेक करून गळू लागतात. म्हणून या लेखात पायऱ्या अशा लावल्या आहेत की प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच यावा: आपण कोणत्या पेशीबद्दल बोलतोय?

पायरी १ : दोन बाजू आणि त्यांच्यामधली सीमा

आतड्याच्या अस्तरातली एक पेशी घ्या. तिची एक बाजू पोकळीकडे, म्हणजे अन्नाकडे असते. ती एपिकल. उरलेली बाजू शेजारच्या पेशींना आणि खालच्या रक्तवाहिन्यांकडे लागलेली असते. ती बेसोलॅटरल. जिच्या दोन बाजूंची प्रथिने अशी वेगळी असतात, ती ध्रुवीय पेशी. दोन शेजारी पेशी जिथे वरच्या कडेला एकमेकींना घट्ट चिकटतात, तिथे टाइट जंक्शन असते. एका बाजूच्या पटलातली प्रथिने दुसऱ्या बाजूला वाहत जाऊ नयेत याची काळजी ते घेते, आणि दोन पेशींच्या फटीतून काय झिरपेल हेही ठरवते.

या बाजू चुकल्या तर काय होते ते ओआरएसच्या पुडीवरून समजून घ्या. आतड्याच्या पेशीत एपिकल बाजूला एसजीएलटी१ नावाचे प्रथिन असते. ते ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत ओढते. बेसोलॅटरल बाजूचा सोडियम-पोटॅशियम पंप तीन सोडियम रक्ताकडे ढकलतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. ग्लुकोज त्याच बाजूच्या ग्लुट२ मधून बाहेर पडते. मीठ आणि साखर गेली की पाणीही मागोमाग जाते. कॉलऱ्याचे विष सीएफटीआरमधून क्लोराइड सतत पोकळीत सोडायला लावते, पण एसजीएलटी१ चे काम चालूच राहते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर हजारो रुग्ण वाचवले, ते याच व्यवस्थेच्या बळावर. आता पंप एपिकल बाजूला गेला अशी कल्पना करा. आत आलेला सोडियम पुन्हा पोकळीतच फेकला जाईल आणि शोषण शून्य. प्रथिने तीच, प्रमाणही तेच, फक्त बाजू बदलली.

पायरी २ : "कुठे आहे" आणि "कसे पोचले" हे दोन प्रश्न वेगळे ठेवा

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे थोडे थांबू.

सूक्ष्मदर्शकाखाली प्रथिन बेसोलॅटरल बाजूला दिसले, तर त्याचा अर्थ एवढाच की या क्षणी ते तिथे आहे. ते तिथे तीन प्रकारे पोचू शकते. पहिला प्रकार म्हणजे गॉल्जीच्या शेवटच्या भागातून, ट्रान्स-गॉल्जी जाळ्यातून, निघालेली पुटिका (पटलाची चिमुकली पिशवी) थेट त्याच बाजूला जाते. दुसऱ्या प्रकारात प्रथिन दोन्ही बाजूंना पोचते, पण एका बाजूला त्याला धरून ठेवणारा सांगाडा असतो, तर दुसऱ्या बाजूचे प्रथिन लवकर आत ओढले जाऊन मोडते. तिसऱ्या प्रकारात ते आधी एका बाजूला जाते आणि मग पुटिकेत बसून पेशी ओलांडून पलीकडे येते. याला ट्रान्ससायटोसिस म्हणतात.

कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून बनवलेल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या एमडीसीके पेशी बहुतेक प्रथिने थेट पाठवतात. यकृताच्या पेशींचे तसे नाही. त्यांची अनेक एपिकल प्रथिने आधी रक्ताकडच्या बाजूला जातात आणि तिथून पित्तनलिकेकडे येतात. रत्नागिरीहून थेट गाडी नसली की आपण जसे मधल्या स्टँडवर उतरून दुसरी एसटी पकडतो, तसाच हा प्रवास. उंदराच्या यकृतावर १९८७ मध्ये हबर्ड यांच्या प्रयोगशाळेने हे दाखवले. मात्र यकृताच्या पेशीही सगळ्याच प्रथिनांना असे फिरवून नेत नाहीत. पटलातून अनेकदा आरपार जाणारी, पित्तक्षार बाहेर टाकणारी एबीसी वाहके थेट पित्तनलिकेकडे जातात. आतड्याची पेशी दोन्ही मार्ग वापरते.

या बाबतीत सोडियम-पोटॅशियम पंपाची हकिगत मला फार मोलाची वाटते. १९९१ मध्ये एका गटाने दाखवले की एमडीसीके पेशींत नवा पंप दोन्ही बाजूंना पोचतो आणि फक्त बेसोलॅटरल बाजूला टिकून राहतो. १९९३ मध्ये दुसऱ्या गटाला त्याच नावाच्या पेशींत तो थेट बेसोलॅटरल बाजूला जाताना दिसला. चूक कोणाची? कोणाचीच नाही. १९९५ मध्ये स्पष्ट झाले की दोन्ही प्रयोगशाळांतल्या एमडीसीकेचे क्लोन वेगळे होते, आणि त्यांची स्फिंगोलिपिडे (पटलातला एक मेदप्रकार) हाताळण्याची रीतही वेगळी होती. नाव एक, प्रथिन एक, अंतिम जागाही एक, आणि तरी मार्ग दोन. म्हणून प्रकल्पाच्या वहीत "एमडीसीके" एवढेच लिहू नका. स्ट्रेन, क्लोन आणि पॅसेज क्रमांकही (पेशी कितव्यांदा नव्या ताटलीत लावल्या तो आकडा) लिहा.

पायरी ३ : प्रथिनावरच्या खुणा शोधा

१९७८ मध्ये रॉड्रिग्झ-बुलान आणि साबातिनी यांनी एमडीसीके पेशींना वेगवेगळ्या विषाणूंची लागण केली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली इन्फ्लुएन्झाचे कण फक्त एपिकल बाजूने फुटून निघताना दिसले आणि व्हीएसव्हीचे (गुराढोरांच्या तोंडात फोड आणणारा विषाणू) बेसोलॅटरल बाजूने. विषाणू स्वतःचे प्रथिन बनवायला पेशीचीच यंत्रणा वापरतो. म्हणजे त्या प्रथिनांतच कुठेतरी बाजू ठरवणारा संकेत असणार. पुढची अनेक वर्षे हा संकेत शोधण्यात गेली.

बेसोलॅटरल संकेत तुलनेने सरळ आहेत. ते प्रथिनाच्या पेशीद्रव्यातल्या शेपटीत असतात. टायरोसिनभोवतीचा छोटा क्रम किंवा दोन ल्युसिनची जोडी, असे त्यांचे रूप. तुमच्या प्रथिनाचा क्रम काढा, पटलात बुडालेला भाग ओळखा, पेशीद्रव्यातली शेपटी वेगळी करा आणि तिच्यात हे तुकडे शोधा. हे काम संगणकावर, घरी बसून होते.

एपिकल संकेत जास्त विखुरलेले असतात. कधी बाहेरच्या भागावरची साखर, कधी पटलात बुडालेला भाग, कधी जीपीआय नावाचा मेदाचा नांगर. स्फिंगोलिपिड आणि कोलेस्टेरॉलचे थवे अशी प्रथिने गोळा करतात ही कल्पना सिमन्स यांनी मांडली. ती पुष्कळ वादग्रस्त ठरली, तरी तिच्यामुळे चांगले प्रयोग झाले.

संकेत सापडला म्हणून निष्कर्ष लिहायला बसू नका. जीपीआय नांगर असलेले प्रथिन एमडीसीकेमध्ये एपिकल बाजूला जाते. उंदराच्या थायरॉइडपासून बनवलेल्या एफआरटी पेशींत तशी बहुतेक प्रथिने बेसोलॅटरल बाजूला जातात. १९९३ मध्ये हे दिसले, तेव्हा "जीपीआय म्हणजे एपिकल" हा नियम मोडला.

पायरी ४ : वाचणारी यंत्रणा त्या पेशीत आहे का, ते पाहा

बेसोलॅटरल संकेत ओळखणारा एक मुख्य अ‍ॅडाप्टर एपी-१बी आहे. तो संकेत वाचून प्रथिनाला योग्य पुटिकेत भरतो. त्याचा म्यू१बी हा घटक अनेक एपिथेलियल (अस्तराच्या) पेशींत असतो, पण सगळ्या नाही. डुकराच्या मूत्रपिंडापासून बनलेल्या एलएलसी-पीके१ पेशींत तो नसतो, आणि तिथे एलडीएल रिसेप्टर (कोलेस्टेरॉल वाहणारे कण पकडणारे प्रथिन) चुकून एपिकल बाजूला जातो. १९९९ मध्ये या पेशींत म्यू१बीचे जनुक घातले आणि रिसेप्टर बेसोलॅटरल बाजूला गेला. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत स्वच्छ प्रयोग. प्रथिनाला हात न लावता फक्त पेशीची वाचण्याची क्षमता बदलली आणि बाजू बदलली.

यकृताच्या पेशीत, मूत्रपिंडाच्या निकटवर्ती नलिकेत, डोळ्याच्या पडद्यामागच्या रंगद्रव्य थरात आणि चेतापेशीत म्यू१बी नसतो. यांतल्या कोणत्याही ऊतीवर काम करणार असाल तर एमडीसीकेवरून काढलेला अंदाज तसाच्या तसा उचलू नका. रंगद्रव्य थरात तर सोडियम-पोटॅशियम पंप एपिकल बाजूला असतो. मेंदूतले पाणी स्रवणाऱ्या कोरॉइड प्लेक्ससमध्येही तसेच. तक्ता पाठ केलेला विद्यार्थी ही स्लाइड पाहून अँटीबॉडी बिघडली असे समजतो.

चेतापेशीत एपिकल-बेसोलॅटरल ऐवजी अक्षतंतू (अॅक्सॉन) आणि वृक्षिका (डेंड्राइट) अशा बाजू असतात. १९९० मध्ये डोट्टी आणि सिमन्स यांनी तेच दोन विषाणू वापरले. व्हीएसव्हीचे प्रथिन वृक्षिकांकडे गेले, इन्फ्लुएन्झाचे अक्षतंतूकडे. वृक्षिका म्हणजे बेसोलॅटरल, अक्षतंतू म्हणजे एपिकल, अशी सुटसुटीत जुळणी त्यावरून मांडली गेली. वृक्षिकांच्या बाबतीत ती बरीचशी टिकली. तिथे म्यू१बीचा भाऊ म्यू१ए तेच संकेत वाचतो. अक्षतंतूच्या बाबतीत अपवाद इतके निघाले की जुळणीवर विसंबू नये. शिवाय चेतापेशीत टाइट जंक्शन नसते. अक्षतंतूच्या सुरुवातीला अँकिरिन-जी नावाच्या प्रथिनावर उभारलेला दाट पट्टा असतो, तोच गाळणीचे काम करतो. रूळही वेगळे असतात. अक्षतंतूत सगळ्या सूक्ष्मनलिकांची धन टोके बाहेरच्या दिशेने असतात, तर वृक्षिकांत दोन्ही दिशांनी. कायनेसिन मोटर धन टोकाकडे धावते, त्यामुळे कोणती पुटिका कुठे जाईल हे रुळांवरही अवलंबून राहते.

संकेत किंवा तो वाचणारी यंत्रणा बिघडली की काय होते, ते आजारांवरून कळते. दृष्टिपटलातल्या दंडपेशीच्या बाह्यखंडाचा दररोज साधारण दहावा भाग नवा बनतो. त्यासाठी लागणारे रोडॉप्सिन (प्रकाश टिपणारे प्रथिन) एका अरुंद सिलियममधून, म्हणजे केसासारख्या धाग्यातून, जाते. त्याच्या शेपटीच्या अगदी टोकाचा चार अमिनो आम्लांचा संकेत बिघडला तर रेटिनायटिस पिगमेंटोसा या हळूहळू दृष्टी घालवणाऱ्या आजाराचा तीव्र प्रकार होतो. मूत्रपिंडाच्या ए प्रकारच्या इंटरकॅलेटेड पेशीत एई१ (क्लोराइड आणि बायकार्बोनेटची अदलाबदल करणारे प्रथिन) बेसोलॅटरल बाजूला असते. शेवटची ११ अमिनो आम्ले गळालेले एई१ एपिकल बाजूला जाते आणि रुग्णाला मूत्रातून आम्ल नीट बाहेर टाकता न येण्याचा आजार म्हणजे डिस्टल रीनल ट्युब्युलर अ‍ॅसिडोसिस होतो. पुटिका ओढणारी मोटर मायोसिन-५बी बिघडली तर नवजात बाळाच्या आतड्यातील सूक्ष्मांकुर पेशीच्या आतच तयार होतात आणि जुलाब थांबत नाहीत. त्याचे जनुक २००८ मध्ये सापडले. आपल्या प्रथिनाशी जोडलेला असा एखादा आजार शोधून ठेवा. कोणता तुकडा महत्त्वाचा आहे याचा सर्वांत भरवशाचा दुवा तिथे मिळतो.

पायरी ५ : हाताशी असलेली ध्रुवीय पेशी, म्हणजे खाडीतल्या माशाचे कल्ले

कोकणातल्या महाविद्यालयाला संवर्धित पेशींची खोली क्वचितच परवडते. पण आपल्याकडे खाड्या आहेत. एप्रिल-मेमध्ये भाट्येच्या खाडीच्या मुखाशी पाणी जवळजवळ समुद्राइतके खारे असते, आणि जुलैत वरच्या अंगाला गोडे. या बदलात टिकणारा मासा आपली पेशीपटले बदलतो. मोझांबिक चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि ती दोन्ही पाण्यांत जगते. तिच्या कल्ल्यांतल्या आयनपेशी या विषयाचे उत्तम पाठ्यपुस्तक आहेत. पूर्वी त्यांना क्लोराइड पेशी म्हणत. कीज आणि विल्मर यांनी त्या १९३२ मध्ये ईल माशात वर्णन केल्या.

खाऱ्या पाण्यात या पेशी मीठ बाहेर टाकतात. पंप आणि एनकेसीसी१ (सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड एकत्र आत आणणारे वाहक) बेसोलॅटरल, सीएफटीआर एपिकल. गोड्या पाण्यात पाण्यातले तुटपुंजे मीठ आत घ्यायचे असते, म्हणून काही आयनपेशींत एनसीसी नावाचे वाहक एपिकल बाजूला येते.

मासा मिळवताना पाग (फेकायचे जाळे) टाकणाऱ्याकडून नुकताच निघालेला घ्या. बाजारात बर्फावर तासन्‌तास पडलेल्याचे कल्ले उपयोगाचे नाहीत. चिलापीच्या जातींची सरमिसळ असते, तेव्हा जात आधी ओळखून घ्या. जागा, भरती-ओहोटीची वेळ आणि रिफ्रॅक्टोमीटरवरचा खारटपणा तिथल्या तिथे लिहा. कल्ल्याची कमान कापून बर्फावर ठेवा आणि जमेल तितक्या लवकर प्रयोगशाळा गाठा. फॉर्मलडिहाइडची बाटली मासळीच्या लिलावाजवळ उघडू नका. तिथले मासे लोक खाणार आहेत. प्रयोगशाळेत पोचल्यावर कल्ले ४ टक्के पॅराफॉर्मलडिहाइडमध्ये, मग ३० टक्के सुक्रोजमध्ये तुकडा बुडेपर्यंत ठेवा, मग क्रायोस्टॅटवर ८ ते १० मायक्रॉनचे छेद घ्या.

पंपासाठी अल्फा५ नावाची अँटीबॉडी वापरतात. ती कोंबडीच्या पंपाविरुद्ध उंदरात बनवलेली आहे, तरी माशांत आणि खेकड्यांतही चालते. फ्लुओरेसेन्स सूक्ष्मदर्शकाखाली कल्ल्याच्या तंतूवर, दोन पाकळ्यांच्या बुडाशी, अंडाकृती पेशी लखलखीत दिसतील. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की संपूर्ण पेशी पंपाने भरली आहे, मग बेसोलॅटरल कसली? कारण असे की आयनपेशीचे बेसोलॅटरल पटल नळ्यांच्या जाळ्यासारखे पेशीच्या पोटात खोलवर शिरलेले असते. नीट पाहा. केंद्रक काळे दिसेल, आणि पाण्याच्या दिशेला, पेशीच्या टोकाशी, चमक नसलेला एक छोटा खड्डा दिसेल. तो एपिकल खड्डा. खाऱ्या पाण्यातल्या माशात सीएफटीआरची अँटीबॉडी लावली तर नेमका तोच खड्डा ठिपक्यासारखा उजळतो. दोन रंग एकावर एक ठेवल्यावर पेशीची सगळी ध्रुवीयता एका चित्रात येते.

आता सापळा. टी४ नावाची एक जुनी, फार वापरली जाणारी अँटीबॉडी आहे. खाऱ्या पाण्यातल्या चिलापीत ती पेशीभर, म्हणजे बेसोलॅटरल दिसते. गोड्या पाण्यातल्या चिलापीत ती काही पेशींच्या टोकावर टोपीसारखी दिसते. "एनकेसीसी१ खालून वर गेले" असे लिहायचा मोह होतो. खरे तर टी४ ही एनकेसीसी१ आणि एनसीसी या दोन्ही नातलग प्रथिनांना चिकटते. खाऱ्या पाण्यात तुम्ही एक प्रथिन पाहत आहात, गोड्यात दुसरे. खात्री करायला त्या-त्या प्रथिनाची स्वतंत्र अँटीबॉडी किंवा आरएनए प्रोब लावा. प्राथमिक अँटीबॉडी न लावलेली एक काचपट्टीही प्रत्येक वेळी ठेवा, कारण माशांच्या रक्तपेशी आपोआपच चमकतात.

पायरी ६ : मार्ग पाहायचा असेल तर फिल्टरवरच्या पेशी

कल्ल्यांवरून जागा कळते, मार्ग कळत नाही. त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रासारख्या ठिकाणाहून पेशी आणाव्या लागतील किंवा तिथल्या एखाद्या प्रयोगशाळेत काही आठवडे बसावे लागेल. पेशी प्लास्टिकच्या ताटलीत वाढवू नका. ०.४ मायक्रॉन छिद्रांच्या फिल्टरवर वाढवा, म्हणजे खालच्या बाजूलाही पोषण मिळते आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळे हात लावता येतात. पेशींच्या थराचा विद्युतरोध मोजत राहा, त्यावरून पेशींचे सांधे नीट जुळले का ते कळते. एमडीसीकेच्या स्ट्रेन एकचा रोध हजाराच्या वर जातो, स्ट्रेन दोनचा शे-दोनशे ओहम चौरस सेंटीमीटरच्या घरात राहतो. त्यामुळे आकडा कमी आला म्हणून पेशी खराब असे समजण्याआधी स्ट्रेन कोणती ते बघा.

बाजू मोजायला पटल न ओलांडणारे बायोटिन वापरतात. काम बर्फावर, ४ अंशांवर. बायोटिन फक्त एका बाजूला घाला, उरलेले ग्लायसिनने संपवा, पेशी फोडा, स्ट्रेप्टाव्हिडिनच्या मण्यांवर पकडा आणि वेस्टर्न ब्लॉट करा. धुण्याच्या द्रावणात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हवेच. कॅल्शियम काढले की पेशींचे सांधे सुटतात, बायोटिन दुसऱ्या बाजूला झिरपते आणि दोन्ही बाजूंना सारखेच प्रथिन दिसू लागते. पकडलेल्या नमुन्यात अ‍ॅक्टिनसारखे पेशीच्या आतले प्रथिन आले तर पेशी फुटल्या आहेत. तो नमुना टाकून द्या.

नव्या प्रथिनाचा प्रवास पाहायला व्हीएसव्हीच्या प्रथिनाचा टीएस०४५ प्रकार सोयीचा आहे. ४० अंशांवर तो आंतर्द्रव्यजालिकेत अडकून राहतो, ३२ अंशांवर सगळा एकदम सुटतो. २० अंशांवर ठेवले तर प्रथिने ट्रान्स-गॉल्जी जाळ्यात जमा होतात. तिथून तापमान वाढवल्यावर ठरावीक मिनिटांनी दोन्ही बाजूंना बायोटिन लावून पाहिले, की कोणती बाजू आधी उजळली ते दिसते. आधी एक बाजू आणि नंतर दुसरी असे दिसले तर ट्रान्ससायटोसिसचा संशय घ्या. दोन्ही एकदम दिसल्या आणि नंतर एकच उरली, तर दुसऱ्या बाजूचे प्रथिन टिकत नसावे.

पावसाळ्यात समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, पण खाडीतला पाग चालू असतो. म्हणून खाऱ्या पाण्यातले नमुने मेअखेरीपर्यंत गोळा करून क्रायोस्टॅटच्या ठोकळ्यांत उणे ८० अंशांवर ठेवा, गोड्या पाण्यातले जुलै-ऑगस्टमध्ये घ्या, आणि दोन्हींचे छेद एकाच दिवशी, एकाच अँटीबॉडीच्या एकाच द्रावणात रंगवा.